पुढच्यानं दम घ्यावा म्हणून

तुमच्या गावच्या पालखीपुढची सनई ज्या वर्षी पेन ड्राइव्हमधून वाजायला लागली, त्या वर्षी वाजवणारा माणूस कुठं गेला, असं तुम्ही कुणाला विचारलंत का?

मी विचारलं नव्हतं. मी चिंचवडची. आमच्याकडे सगळंच केव्हापासूनच पेन ड्राइव्हमधून वाजतं. तरी मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा कंपनीच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटायचे आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचे. त्यामुळे जगाला प्रश्न विचारायची सवय लागली. स्वतःच्या धंद्याला विचारायचे मात्र राहून गेले. माझा धंदा इलेक्ट्रॉनिक संगीताचा. सिंथेसायझर, म्हणजे विजेपासून आवाज घडवणारं वाद्य, मी वाजवते आणि पुण्याच्या एका संस्थेत शिकवते. तिथली फी ऐकल्यावर बाबांनी विचारलं होतं, "हे कुणाच्या पोरांसाठी?" म्हणून रविवारी मी लोणावळ्याला जाते आणि वलवणच्या एका शाळेच्या खोलीत ज्याला यायचं त्याला फुकट शिकवते. या चैत्रात त्या खोलीतून निघाले ती तिकोणा पेठेच्या वरच्या वाडीपर्यंत पोचले. तिथं जे घडलं ते सांगायला हवं.

वलवण

रविवारी वलवणला शांतता मागू नये. धरणाकडच्या रस्त्यावर मोटारी एकमेकींना चिकटून उभ्या असतात, चिक्कीच्या दुकानांतून माणसं दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाहेर पडतात, आणि पाण्याच्या पलीकडच्या कुठल्यातरी व्हिलातून सकाळपासून ढम ढम चालू असतं. आमच्या वर्गाला येणारे बहुतेक जण त्याच व्हिलांत स्पीकर लावण्याचं काम करतात. एक जण म्हणाला होता, "मॅडम, वायर आम्ही जोडायची, बटण मात्र मुंबईचा डीजे दाबणार. आम्हाला बटणाचं शिकवा." मला हे वाक्य पत्रकाच्या मथळ्यासारखं वाटलं होतं.

मनीषा त्यांच्यात वेगळी. ती नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात सर्किट बोर्ड जोडते आणि लग्नसराईत बँजो पार्टीबरोबर, म्हणजे वरातीपुढं वाजवणाऱ्या ताफ्याबरोबर, कीबोर्ड वाजवते. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर ती मागं थांबली.

"ताई, माणसाचा आवाज बनवता येतो का यावर?"

"कुठल्या माणसाचा?"

"सनईचा."

"मग माणसाचा कसा?"

"सनईचाच. पण बाबांच्या."

तिचे वडील धोंडूभाऊ वाडीचे सनईवाले. जत्रेला देवीची पालखी उठताना त्यांनी एक चाल वाजवायची, तिला तिकडं 'बोलावणं' म्हणतात, आणि मगच भोयांनी खांदा द्यायचा, अशी रीत. ते गेले त्यानंतरच्या जत्रेला मंडळानं पेन ड्राइव्ह लावला. पालखी उठली, पण मनीषाच्या घरातलं कुणी बाहेर आलं नाही. यंदा मनीषानं मंडळाला सांगून ठेवलं होतं, बोलावणं मी वाजवीन. मंडळ म्हणालं, वाजव, पण धोंडूभाऊसारखं वाटलं पाहिजे, नाहीतर पेन ड्राइव्ह आहेच.

तिनं फोनवर एक चित्रफीत दाखवली. कुणाच्या तरी लग्नातली. फटाके, शिट्ट्या, ढोल, आणि मध्येच क्षणभर एक सनई, पाण्याखालून डोकं वर काढून पुन्हा बुडणारी.

"एवढंच आहे?"

"एवढंच. बाबा समोरच असायचे, ताई. रेकॉर्ड कशाला करायचं?"

मी विचारलं, तू सनई का नाही शिकलीस. ती हसली. "पोरींनी फुंकायचं नाही. भजनाच्या पेटीवर बोटं ठेवायला मात्र कुणी नाही म्हटलं नव्हतं. मग तिकडून शिरले."

चित्रफीत मी वीसेक वेळा ऐकली असेल. मी ज्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या अर्ध्या श्वासासाठी माझा जीव ओढ घ्यायला लागला. मी म्हटलं, वाडीवर येते.

नवलाख उंबरे

शिफ्ट सुटायच्या वेळेला मी कारखान्याच्या गेटसमोर टपरीवर वडापाव खात उभी होते. गेट पाहिलं की मला अजून हातात पत्रकांचा गठ्ठा असल्यासारखं वाटतं. निळ्या ॲप्रनमधल्या मुली बाहेर पडत होत्या. त्यातल्या बहुतेक ठेक्यावरच्या, हे मनीषानं आधीच सांगितलेलं. मी म्हटलं, "इथं एकदा पत्रक वाटायला हवं."

"वाटा की," मनीषा म्हणाली. "पण मी स्कूटर चालू करून पलीकडं थांबते. मला उद्या गेट उघडं पाहिजे."

तिची मैत्रीण मला वरून खालपर्यंत बघून म्हणाली, "ह्या तुझ्या टीचर? मला वाटलेलं केस पिकलेल्या असतील."

"पिकतील," मनीषा म्हणाली, "आमच्या वाडीवर एक रात्र राहू दे."

या मुली दिवसभर ज्या सर्किटच्या पाट्या जोडतात, तशाच पाट्या माझ्या सिंथेसायझरच्या पोटात आहेत. त्यांच्यातल्या एकीलाही, या पाटीतून सूर निघतो, असं कुणी सांगितलेलं नाही. आमच्या संस्थेत जी मुलं तो सूर काढायला शिकतात त्यांनी कधी पाटी हातात घेतलेली नाही. मधल्या भिंतीला शिक्षण म्हणतात. मी हे मनीषाला तावातावानं सांगत होते. ती माझ्या सिंथेसायझरची पिशवी ओढणीनं स्कूटरला बांधत होती. गाठ मारून म्हणाली, "बसा. आणि पाय पसरू नका, उतारावर सायलेन्सर तापतो."

कामशेतवरून पवनानगरकडं वळलो आणि हवा बदलली. धरणाचं पाणी खाली गेलेलं, काठाची तांबडी माती उघडी पडलेली, आणि मागं तिकोणा आपल्या नावासारखा उभा. एका वळणावर करवंदं विकणारी मावशी बसली होती. पळसाच्या द्रोणातून तिनं मूठभर जास्तच दिली आणि पिशवी बघून विचारलं, "हार्मोनियम हाय का?"

"तसंच काहीतरी."

"मंग वाजीव की. फुकाट करवंदं खातीस."

मी पिशवी उघडणार, तेवढ्यात मनीषानं मला थांबवलं. सायलेन्सर तोवर माझ्या पोटरीला लागून गेला होता.

वाडी

तिकोणा पेठेच्या वर, चढण संपते तिथं, दहा-पंधरा घरांची वाडी. चिंचवडला पाहुण्याला आधी चहा आणि मग काम विचारतात. इथं आधी गूळ-पाणी, मग जेवण, आणि काम तुम्ही स्वतःहून काढलंत तर. काकींनी, म्हणजे मनीषाच्या चुलतीनं, तांदळाची भाकरी, सुकट आणि मीठ लावलेली कैरी पुढ्यात ठेवली. नाना, म्हणजे तिचे चुलते, ओट्याच्या टोकाला पाठमोरे बसून दोर वळत होते. धोंडूभाऊंचे धाकटे भाऊ. खुंटीला तेलकट कापडात गुंडाळलेलं काहीतरी लटकत होतं. मी त्याकडं पाहिलं, तर मनीषानं डोळ्यांनीच 'नंतर' म्हटलं.

संध्याकाळी अंगणात मी यंत्र मांडलं. लहानसं आहे, बॅटरीवर चालणारं, मांडीवर मावणारं. मी शाळेत शिकवते तसं केलं. आधी नागडा सूर घेतला, मग त्याला धार दिली, थोडा नाकात नेला, सुरुवातीला श्वासाचा खरखरीत आवाज मिसळला. वाडी जमली आणि प्रत्येकानं आपला धोंडूभाऊ आणला.

"हा तर डास हाय."

"लय ग्वाड झालं. धोंडूभाऊ एवडा ग्वाड कवा हुता? कडू हुता त्यो."

"सुरवातीला थुकी ऐकू यायची. थुकी घाला."

"थुंकी घालते," मी म्हटलं आणि खरखर वाढवली.

"आता निस्ती थुकीच ऱ्हायली."

हसता हसता अंधार पडला. आवाज सनईचा झाला होता, चांगल्या सनईचा. माझ्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. मनीषानं बोलावण्याची चाल वाजवली. चाल संपल्यावर एक म्हातारी म्हणाली, "हाय, पन एकटाच हाय." आणि ती उठून गेली. बाकीचेही हळूहळू उठले.

तेव्हा मला कळलं की फोनमधला तो अर्धा श्वास एका माणसाचा नव्हता. सनईवाले दोघं असतात. पुढचा चाल वाजवतो आणि मागचा एकच सूर अखंड धरून राहतो. मागच्याच्या सनईची बहुतेक भोकं मेणानं बुजवलेली असतात, कारण त्याला दुसरा सूर लागतच नाही. आता मनीषानं सांगितलं, धोंडूभाऊंच्या मागं आयुष्यभर नाना उभे होते. फोटोत नाहीत, चित्रफितीत दिसत नाहीत. खुंटीवरच्या कापडात त्यांची ती सुराची सनई होती.

मी नानांपाशी जाऊन बसले. "नाना, मनीषा पुढं वाजवील. तुम्ही मागं धराल का?"

त्यांनी दोर खाली ठेवला नाही. "तुज्या पेटीला दम लागतो का, पोरी?"

"नाही."

"मंग माजं काय काम? सूर धरायचा कशापायी, ठावं हाय? पुढच्यानं दम घ्यावा म्हनून. त्यो दम घेतो तवा मागनं कुनी तरी धरून ऱ्हायचं, गानं खाली पडू न्हाई म्हनून. हिला दमच लागत न्हाई. म्या कुनासाठी धरू?"

मी उठून काकींच्या मदतीला गेले.

भांडी घासताना काकी म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं ते खरं हाय. पन तेवडंच न्हाई. ह्यांचा भाव गेला तरी हे बँजोवाल्यांसंगं गेलते एका लग्नात. सुराला. पार्टीचा मालक सगळ्या वऱ्हाडासमोर म्हनला, नाना, तुमचा सूर उतरलाय, बंद करा. घरी आलं आन टांगून ठेवली."

मनीषा हातातलं ताट विसळत राहिली. मग म्हणाली, "कीबोर्डवर मीच होते, ताई. मालकानं मला विचारलं, बरोबर कोण? मी म्हटलं, कीबोर्ड."

तिला बाबांचा आवाज हवा होता हे खरं. पण ती मला इतक्या लांब कशासाठी घेऊन आली, ते मला त्या ताटांपाशी कळलं: नानांची सनई पुन्हा खुंटीवरून खाली यावी म्हणून.

सकाळ

सकाळी नाना गोठ्यातून आले आणि काय वाटलं कुणास ठाऊक, मनीषाला म्हणाले, "तुज्या बाईला ऐकायचीय ना सुराची. मंग ऐक म्हनावं, आन सांग शेरात जाऊन." कापड सोडलं, सनईची पत्ती ओठांत ओली केली आणि सूर लावला.

असा आवाज मी सिंथेसायझरवर घडवू शकत नाही, हे लिहिताना मला लाज वाटत नाही. एकच सूर, पण आतून सतत हलणारा. गाल फुगलेले, नाकानं श्वास आत जातोय, आणि सूर तुटत नाही. ते भावाच्या पाठीकडं बघावं तसे समोरच्या रिकाम्या अंगणाकडं बघत होते.

आणि मी, सवयीनं, फोन काढून सूर मोजायचं ॲप उघडलं. काटा काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध जाऊन थांबला आणि पडदा लाल झाला.

नानांनी लाल पडदा पाहिला. सनई खाली आली.

"हा बी म्हनतोय का, उतरलाय?"

मी फोन उलटा ठेवला. मनीषा माझ्या मांडीवरच्या यंत्राकडं पाहत होती. "ताई," ती म्हणाली, "सूर दोन पट्ट्यांच्या मधे आहे. आपल्याला पट्टीच सरकवता येते ना? तुम्ही मागं एकदा बोलला होतात."

बोलले होते. जवळजवळ प्रत्येक कीबोर्डला ते बटण असतं. अख्खं वाद्य केसभर वर किंवा खाली सरकवायचं. वर्गात मी ते एका वाक्यात उरकते, कारण परीक्षेत त्याला किंमत नाही. कारखान्यातून जो सूर ठरून येतो तो बरोबर, हे आम्ही शिकवत नाही, पण शिकवायची गरजही पडत नाही. बँजो पार्टीच्या मालकाला ते बटण कुणी दाखवलं नव्हतं. त्यानं यंत्राला खरं मानलं आणि माणसाला गप्प केलं.

"नाना," मी म्हटलं, "तुमचा सूर आहे तिथं आहे. आमची पेटी चढलीय. ती खाली आणते. पण तुम्ही धरल्याशिवाय मला कळणार नाही कुठवर आणायची."

त्यांनी आधी यंत्राकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. चेष्टा आहे का, हे तपासत असावेत. मग त्यांनी सूर लावला. मी मनीषाला एक पट्टी दाबून धरायला सांगितली आणि बटण फिरवत गेले. सुरुवातीला दोन आवाज एकमेकांवर घासत होते, वांव वांव वांव, भांडणाऱ्या मांजरांसारखे. मग ते घासणं लांबलं, संथ झालं, आणि एका क्षणी थांबलं. काकी चुलीपासून उठून दारात आल्या.

"बाई," मनीषा मला म्हणाली, आणि ताई म्हणायचं विसरली, "हात काढा आता."

तिनं बोलावणं सुरू केलं. रात्रीचाच आवाज, रात्रीचीच चाल. ओळ संपली आणि तिनं बोटं उचलली. यंत्राला उचलायची गरज नव्हती. ते तिथंच सूर धरून युगभर थांबू शकलं असतं. तिनं उचलली, कारण बाबा तिथं दम घ्यायचे. आणि त्या रिकाम्या जागेत नानांचा सूर एकटा उभा राहिला.

पुढच्या ओळीला तिनं तसंच केलं. त्याच्याही पुढच्या. नानांचे डोळे मिटलेले होते. थांबल्यावर त्यांनी पत्ती पुसली आणि म्हणाले, "तिसऱ्या ओळीला दम लांब घ्यायचा त्यो. तू घाई केलीस."

"व्हय, नाना."

"परत."

पालखी

जत्रेच्या दिवशी देवळापुढं मंडळाचा अध्यक्ष पेन ड्राइव्ह गळ्यात अडकवून तयारच होता. मनीषानं माझं यंत्र ओढणीनं गळ्यात बांधलं, फेरीवाल्याच्या पाटीसारखं. चाकांचा स्पीकर एका चुलतभावानं ओढत न्यायचा ठरलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरगी वाजीवनार? पालखीपुढं?"

नाना म्हणाले, "फुंकत न्हाई ती. फुंकतो मी."

रीत मोडली की राखली, यावर मी चिंचवडला दोन पानं लिहिली असती. तिथं मी स्पीकरला धक्का द्यायला गेले. पुढं तिची चाल, मागं त्यांचा सूर. अध्यक्षाचा पेन ड्राइव्ह गळ्यातच राहिला. खडबडीत वाटेवर स्पीकर दोनदा कलंडला आणि एकदा वायर निसटली. चाल बंद पडली. भोई अडखळले. पण सूर चालू होता, म्हणून कुणी खांदा काढला नाही. मनीषानं वायर खोचली आणि सोडलं होतं तिथूनच पुढं उचललं. त्या रात्री उठून गेलेली म्हातारी पालखीबरोबर चालत होती, पदर तोंडाला लावून.

धोंडूभाऊ आले नाहीत. कुणी आले म्हणालंही नाही. मनीषा सगळ्या ओळींना दम घेत होती, आणि प्रत्येक वेळी ती मान जराशी मागं वळवायची, मागचा अजून आहे ना म्हणून. तिचे वडीलही तशीच मान वळवायचे, असं काकींनी मला वाटेत सांगितलं. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

यंत्र तिच्याकडंच ठेवून मी परतले. आता पुढच्या रविवारी वर्गात त्या बटणावर पूर्ण तास घेणार आहे. रात्री घरी नवा आवाज घडवायला बसते तेव्हा मला दोन ओळींमधली ती रिकामी जागा आठवते आणि हात थांबतो. तिथं धरायला मागं कुणी नसतं.

आता तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या घरात, भजनी मंडळात, देवळात, सोसायटीच्या हॉलमध्ये कीबोर्ड असेलच. तो आज चालू करा आणि त्याचं सूर सरकवायचं बटण शोधून काढा. सापडलं नाही तर ज्याला येतं त्याला विचारा, पण शोधा. आणि मग, 'तुमचा सूर जुळत नाही' असं सांगून ज्या माणसाला तुमच्यापैकी कुणी कधी गप्प बसवलं असेल, त्याच्या घरी जा. त्याला म्हणा, तुम्ही लावा, आम्ही येतो तिथं.